आरसीवर पेट्रोल, डिकीत सीएनजी

प्रश्न : माझी २०१२ ची पेट्रोल कार आहे. आठ महिन्यांपूर्वी सीएनजी किट बसवलं. 'पासिंगचं आम्ही बघतो' म्हणून फिटरने वेगळे पैसे घेतले, पण आरसीवर अजून पेट्रोलच आहे. महिन्यापूर्वी सिग्नलला उभा असताना टेम्पोने मागून ठोकलं. डिकीतला सिलिंडर सर्व्हेयरला दिसला आणि कंपनीने क्लेम नाकारला. आता एक एजंट मागची तारीख टाकून आरसीवर नोंद करून देतो म्हणतोय. करू का?

उत्तर : मुळीच नको. आज तुमच्याकडून झालाय तो नियमभंग. मागच्या तारखेचा कागद केलात की ती बनवाबनवी होईल आणि हातातला बरा दावाही जाईल.

चूक आधी मान्य करू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे किट बसवायला परवानगी आहे, पण अटींवर. किट मान्यताप्राप्त हवं आणि बदल १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर चढवायला हवा. ही जबाबदारी गाडीमालकाची. फिटरने पैसे घेतले म्हणून ती त्याच्याकडे जात नाही. नियमाबाहेरच्या बदलाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

तरी क्लेम मेला असं मी म्हणणार नाही. उभ्या गाडीला टेम्पो मागून धडकला, त्यात सीएनजीचा हात काय? गॅस गळला नाही, आग लागली नाही. खाजगी गाडी भाड्याने दिली म्हणून नाकारलेल्या दाव्यात, २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सगळा दावा बुडवण्याऐवजी तो 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने, म्हणजे काही रक्कम कापून, मिटवायला सांगितलं. तुमची मागणीही तीच ठेवा. पूर्ण रकमेसाठी अडून बसू नका.

आता पॉलिसी काढून किटचा रकाना बघा. किट बसवल्यानंतर नूतनीकरण झालं असेल आणि तिथे 'नाही' लिहिलं असेल, तर कंपनी माहिती लपवल्याचा मुद्दा काढेल. तुमची दुखरी बाजू ती आहे. पॉलिसी किट बसवण्याआधीची असेल तर तुम्ही बरेच सुस्थितीत आहात.

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही चालत नाही (आमचं नुकसान, तुमचा फायदा). दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. तिथे मुदत दोन वर्षांची. मात्र आयोगात प्रकरण चालू असताना लोकपालाकडे जाता येत नाही, म्हणून क्रम सांभाळा.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे टेम्पोचा विमा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तुमच्या गाडीच्या नुकसानीसाठीही अर्ज करता येतो, आणि तिथे तुमच्या पॉलिसीतल्या अटी आडव्या येत नाहीत. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यातला एक गेलाय. टेम्पोचा नंबर, पोलीस ठाण्यातली नोंद आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक जमवायला लागा. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून मिळणार नाहीत, हे गृहीत धरा.

किटचं म्हणाल, तर बिल आणि मान्यतेचं प्रमाणपत्र फिटरकडे मागा. ते तुमच्या गाडीच्या इंजिनला लागू आहे का, सिलिंडरच्या पाटीवर चाचणीची तारीख काय आहे, बघा. दर तीन वर्षांनी चाचणी लागते. कागद जुळले तर खऱ्या तारखेने आरटीओत अर्ज करा, मग कंपनीला कळवून पॉलिसीवर किट चढवा. नाही जुळले तर किट उतरवा. २०१२ ची गाडी म्हणजे १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला ती तपासणीसाठी उभी करावीच लागेल, आणि डिकी तिथेही उघडतील.

फिटरकडे पासिंगच्या पैशांची पावती मागून बघा. बहुधा देणार नाही. व्हॉट्सअॅपवर 'काम होतंय' असं लिहिलेला त्याचा एखादा मेसेज असेल तर पुसू नका; त्याच्यावरच्या ग्राहक तक्रारीला तो चालेल.