कन्सोल घ्यावा, की क्लाऊडसाठी थांबावं?

प्रश्न : काका, मी साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. धाकट्या भावाची बारावी झाली की त्याला गेमचा कन्सोल घेऊन द्यायचा, म्हणून दोन वर्षं पैसे साठवलेत. आता ऑफिसातले म्हणतात, ‘मशीन कशाला घेतेस? गेम आता क्लाऊडवरून थेट टीव्हीवर येतात. कन्सोल दोन-चार वर्षांत बंद पडणार.’ खरंच थांबू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : थांबू नकोस. कन्सोल घे, आणि डिस्क चालणारा घे.

पुण्यात बुधवार पेठेत मी बावीस वर्षं गेमची मशिनं दुरुस्त करतोय. ‘कन्सोल संपले’ हे याआधीही ऐकलंय. २०१० साली अमेरिकेत ऑनलाइव्ह ही क्लाऊडवरून गेम देणारी सेवा सुरू झाली तेव्हा हीच चर्चा होती. २०१५ साली ती बंद पडली. नोव्हेंबर २०१९मध्ये गूगलने तसंच स्टेडिया आणलं. गूगलकडे पैसा होता, सर्व्हर होते, तरी १८ जानेवारी २०२३ रोजी तेही बंद झालं. लोकांनी गेमवर घातलेले पैसे गूगलने परत केले, हे चांगलंच केलं. पण विकत घेतलेला गेम सेवेबरोबर गेला. तुझ्या कपाटातली डिस्क अशी कुणाला नेता येत नाही.

क्लाऊड वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मायक्रोसॉफ्टचं क्लाऊड गेमिंग आता भारतातही सुरू झालंय, आणि ज्याला मशीन परवडत नाही त्याच्यासाठी ती मोठी सोय आहे. फक्त त्यात गेम चालतो दूरच्या सर्व्हरवर. भावाने बटण दाबलं की ते तिथे पोचणार, तिथे चित्र तयार होणार आणि व्हिडिओ होऊन परत येणार. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक चित्र पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहतं. सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल, तर फायबरमधल्या प्रकाशालाच जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागतात. बाकीची कामं वेगळी. सावकाश विचार करून खेळायच्या गेममध्ये हे कळणारही नाही. मारामारीच्या किंवा फुटबॉलच्या गेममध्ये मात्र मुलं लगेच ओरडतात, ‘लॅग होतंय!’

मला खरी काळजी वेगळीच आहे. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर केला, तेव्हा अट अशी होती की मशिनने २४ तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडलं गेलंच पाहिजे, आणि जुन्या डिस्क विकण्यावर, मित्राला देण्यावर बंधनं. १० जूनला सोनीने सांगितलं, आमच्या प्लेस्टेशन ४वर वापरलेली डिस्क चालेल, इंटरनेटची सक्ती नाही. आणि किंमतही एक्सबॉक्सपेक्षा १०० डॉलर कमी, ३९९ डॉलर. लोकही चिडले होतेच. नऊ दिवसांत, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने त्या अटी मागे घेतल्या. समोर तगडा स्पर्धक होता म्हणून ही डिस्क वाचली. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत सहा मुलांमध्ये एकेक डिस्क फिरते. ती फिरू शकते ती या नऊ दिवसांमुळे, असं मी मुलांना नेहमी सांगतो.

आज ती चुरस राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःचे गेम प्लेस्टेशनवर विकतेय. पूर्वी पाच वर्षांत मशीन स्वस्त व्हायचं. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ५ उलट ५० डॉलरने महागला. ऑक्टोबर २०२५मध्ये तिथेच मायक्रोसॉफ्टच्या गेम पास अल्टिमेट या गेमच्या वर्गणीचा महिना १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलरवर गेला. सगळं एकाच वर्गणीवर अवलंबून असेल, तर भाव वाढल्यावर गिऱ्हाइकाने जायचं कुठे? मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम बनवणारी कंपनी विकत घेत होती, त्या खरेदीला ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने एप्रिल २०२३मध्ये अडवलं, ते याच क्लाऊडच्या मुद्द्यावर. शेवटी अ‍ॅक्टिव्हिजनच्या गेमचे क्लाऊड हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला द्यावे लागले. मला तो निर्णय योग्य वाटला.

खरेदीच्या वेळी एक बघ. बिनडिस्कचं मशीन स्वस्त पडतं, पण मग गेम फक्त त्यांच्याच दुकानातून, त्यांच्याच भावाने घ्यावे लागतात. निन्टेन्डोचा स्विच २ घ्यायचा विचार असेल, तर कॅसेटच्या डब्यावर ‘गेम-की कार्ड’ असं लिहिलंय का तेही वाच. त्या कॅसेटमध्ये गेम नसतो, फक्त किल्ली असते. गेम डाऊनलोड करावा लागतो.

क्लाऊडची उत्सुकता असेलच तर एक महिना घेऊन बघा. रात्री आठ ते दहा या वेळात खेळून बघा, तेव्हा अख्खी बिल्डिंग नेटवर असते. वायफायवर नको, राउटरपासून टीव्हीपर्यंत वायर टाका.

आणि जुन्या डिस्क घेताना डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धर. मध्यापासून कडेकडे गेलेले बारीक ओरखडे बहुतेक वेळा चालून जातात. कडेला समांतर गोल गेलेला ओरखडा त्रास देतो. मधल्या भोकाला केसाएवढा जरी तडा दिसला, तरी ती डिस्क घेऊ नकोस. मशीन फिरवायला लागलं की तडा वाढत जातो, आणि मग मलाही काही करता येत नाही.