वाचकांचे प्रश्न : ट्रकचालकाची ड्रग टेस्ट

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे पती मालवाहू ट्रक चालवतात. अलीकडे त्यांना अचानक ड्रग टेस्टला पाठवण्यात आले. लघवीचा पुरेसा नमुना देता येईना, तेव्हा ‘उद्या येतो’ असे सांगून ते निघणार होते. सहकाऱ्याने अडवले म्हणून थांबले. असे निघून जाणे खरेच एवढे गंभीर असते का? आमच्या स्वयंपाकात खसखस असते, शिवाय खोकल्यासाठी कोडीनयुक्त औषध घेतले होते, याचीही धास्ती वाटते.

उत्तर : सहकाऱ्याने तुमच्या घरावर उपकारच केले आहेत. रँडम टेस्टसाठी बोलावल्यावर ती पूर्ण होण्याआधी केंद्र सोडणे म्हणजे चाचणीस नकार, आणि नकाराचे परिणाम पॉझिटिव्ह निकालाइतकेच कडक असतात : चालकाला तत्काळ कामावरून दूर केले जाते, त्याची नोंद अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे व्यावसायिक चालकांच्या ड्रग व मद्यविषयक उल्लंघनांच्या नोंदवहीत, होते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून अशा नोंदीमुळे राज्याकडून व्यावसायिक परवानाही काढून घेतला जातो. परत येण्यासाठी तज्ज्ञाकडून मूल्यमापन, त्याने सुचवलेले उपचार किंवा शिक्षण, नवी चाचणी आणि त्यानंतरच्या बारा महिन्यांत किमान सहा अचानक चाचण्या, एवढे सारे पार पाडावे लागते. नमुना अपुरा पडला तर नियमातच सोय आहे : तीन तासांपर्यंत थांबता येते आणि त्या वेळात ४० औंसांपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा लिटर, पाणी वा पेय घेता येते. तरीही जमले नाही, तर कारण वैद्यकीय आहे का हे डॉक्टर तपासतात. थांबणाऱ्याला ही सारी संधी मिळते, निघून जाणाऱ्याला नाही.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधील चेस येथे मालवाहू रेल्वे कंपनीची इंजिने सिग्नल ओलांडून प्रवासी रेल्वेगाडीच्या मार्गात आली आणि सोळा जणांचा जीव गेला. इंजिनचालकाच्या तपासणीत गांजाचा अंश आढळला होता. त्यानंतर १९९१ मध्ये वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांचा कायदा झाला. राज्यात गांजा कायदेशीर असला, तरी या चाचणीत ती सबब चालत नाही, हेही तुमच्या पतींनी लक्षात ठेवावे.

आता खसखस आणि औषध. किमान ४५ मिलिलीटर नमुना तुमच्या पतींच्या डोळ्यांसमोर दोन बाटल्यांत, ३० आणि १५ असा, विभागून सीलबंद होतो. सीलवर त्यांची आद्याक्षरे असतात. प्रयोगशाळेने पॉझिटिव्ह म्हटले, तरी कंपनीला कळवण्यापूर्वी मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर हा डॉक्टर त्यांना स्वतः फोन करतो. औषधाचे प्रिस्क्रिप्शन दाखवण्याची जागा हीच. औषध स्वतःच्या नावावर आणि लिहून दिल्याप्रमाणेच घेतलेले असावे. दुसऱ्याच्या बाटलीतले असल्यास त्याचा उपयोग नाही. खसखशीमुळेही नमुन्यात मॉर्फिनचा अंश येऊ शकतो, म्हणून मॉर्फिनची मर्यादा तिचा विचार करूनच २,००० नॅनोग्रॅम प्रतिमिलिलीटर इतकी उंच ठेवली आहे. मात्र १५,००० किंवा त्याहून अधिक आढळल्यास ‘खसखस खाल्ली होती’ हे स्पष्टीकरण मान्य होत नाही. त्या डॉक्टरचा फोन अनोळखी क्रमांकावरून येऊ शकतो, पण टाळू नका, कारण संपर्कच झाला नाही तर मुलाखतीशिवायही निकाल पॉझिटिव्ह ठरू शकतो. निकाल चुकीचा वाटल्यास दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासून घेण्याची मागणी ७२ तासांच्या आत करावी लागते. कितीतरी चालकांना हा हक्क माहीतच नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : रात्री मद्य घेतले आणि पहाटे ट्रकची ड्युटी असेल, तर चार तासांचे अंतर पुरेसे असते का?

उत्तर : नेहमीच नाही. ड्युटीपूर्वीचे चार तास मद्यपान करू नये, हा नियम आहेच. परंतु श्वासतपासणीत अल्कोहोलचे प्रमाण ०.०४ किंवा अधिक आले तर उल्लंघन होते, आणि ०.०२ ते ०.०४ च्या दरम्यान आले तरी २४ तास ट्रक चालवता येत नाही. पहिली नोंद ०.०२ किंवा वर गेल्यास किमान पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात, म्हणजे तोंडात राहिलेल्या माउथवॉशमुळे अन्याय होत नाही. रात्री भरपूर प्यायले असेल तर चार तासांनंतरही रक्तात अल्कोहोल उरतेच, कॉफीने किंवा आंघोळीने ते लवकर उतरत नाही. म्हणून पहाटेची ड्युटी ठरलेली असेल त्या रात्री मद्याला स्पर्शच करू नये, असे मी तुम्हाला कळकळीने सांगतो.