सोयाबीनच्या झाडात व्हायरस सोडून त्याचा जीन बंद करतात, म्हणजे ते जीएम (जनुक बदललेलं पीक) झालं का?

नाही हो, झाडाचा डीएनए तसाच राहतो, बदललेला असतो तो व्हायरस. इथे इंदूरकडे सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला की सगळे व्हायरसच्या नावाने बोटं मोडतात, पण लॅबवाले दुसरे काही व्हायरस चक्क कामाला लावतात. त्यात झाडाच्याच जीनचा छोटा तुकडा घालायचा, मग झाड व्हायरसचा आरएनए कापायला घेतं आणि त्या नादात त्या जीनचा निरोप नेणारा स्वतःचाही तसलाच आरएनए कापत सुटतं, झालं, जीन गप्प! पानांचा हिरवा रंग टिकवायला लागणारा पीडीएस जीन बंद केला तर दोन-तीन आठवड्यांत नवी पानं पांढरीफटक येतात, बघण्यासारखं असतं. सोयाबीनमध्ये या कामाला बीन पॉड मॉटल व्हायरस चालतो. असर सहसा त्याच झाडापुरता, त्यामुळे कुठला जीन काय करतो ते शोधायला मस्त, पेरणीच्या बियाण्यासाठी नाही.