इंग्रजीतील ‘आस्क’ या क्रियापदाला समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द कोणते?

तुमचा प्रश्न असा आहे की, लिहिताना ‘आस्क’ सारखं सारखं येतं, कोशात त्याच्यापुढे दहा-पंधरा शब्द दिसतात, पण कुठला उचलायचा ते कळत नाही. विरुद्धार्थी म्हणून एका ठिकाणी ‘आन्सर’ मिळतो, दुसऱ्या ठिकाणी ‘रिफ्यूज’. सोबत तुम्ही एक छोटी गोष्ट आणि एक रजेचा अर्जही दिला आहे. त्यांच्याकडे शेवटी येते.

मी भाषांतराचं काम करते. या शब्दापाशी मी स्वतः इतक्यांदा थांबले आहे की एक सवयच लागली: कोश उघडण्याआधी वाक्य मराठीत म्हणून बघायचं. तिथे ‘विचारणे’ येतंय की ‘मागणे’? इंग्रजीला या दोन्हीसाठी एकच क्रियापद पुरतं, आपल्याला पुरत नाही. ‘आस्क हिम द टाइम’ म्हणजे त्याला वेळ विचार. ‘आस्क हिम फॉर टाइम’ म्हणजे त्याच्याकडे वेळ माग. मध्ये एक ‘फॉर’ आला आणि क्रियापदच बदललं. कोशातली ती लांबलचक रांग खरं तर दोन रांगा एकत्र केल्यामुळे झालेली आहे. त्या वेगळ्या केल्या की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

विचारण्याच्या रांगेत ‘इन्क्वायर’, ‘क्वेश्चन’, ‘क्वेरी’, ‘इंटरॉगेट’ हे शब्द येतात. मागण्याच्या रांगेत ‘रिक्वेस्ट’, ‘डिमांड’, ‘बेग’, ‘इम्प्लोर’. (तिसरा एक लहान अर्थ बोलावण्याचा. कुणाला जेवायला ‘आस्क’ केलं तर तिथे ‘इन्व्हाइट’ चालतो. त्यात फार काही खोल नाही.)

पहिल्या रांगेत एक उतरंड आहे आणि ती इतिहासातून आली आहे. ‘आस्क’ हा जुन्या इंग्रजीतला, घरचा शब्द. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आली, आणि ‘क्वेश्चन’ त्या वाटेने आला. ‘इंटरॉगेट’ थेट लॅटिनमधून घेतलेला. म्हणून आजही ‘आस्क’मध्ये जवळीक आहे, ‘क्वेश्चन’मध्ये थोडा अधिकार आहे आणि ‘इंटरॉगेट’मध्ये तर समोरचा माणूस कोठडीत बसलेला दिसतो. अर्थ तोच, पण बोलणाऱ्याची खुर्ची उंच होत जाते.

ही उंची मला एकदा महागात पडली. एका कथेत शेजारी आजारी म्हाताऱ्याची विचारपूस करायला येतात. मी तिथे ‘क्वेश्चन्ड हिम’ लिहिलं. ज्यांनी ते इंग्रजीत वाचलं त्यांना वाटलं, म्हाताऱ्यावर कसला तरी संशय आहे. प्रेमाने आलेली माणसं माझ्या एका शब्दाने तपास अधिकारी झाली. तिथे ‘इन्क्वायर्ड आफ्टर हिम’ किंवा साधं ‘आस्क्ड आफ्टर हिम’ हवं होतं. ‘आफ्टर’ लागला की विचारपूस, ‘इन्टू’ लागला की चौकशी. ‘इन्क्वायर्ड इन्टू द मॅटर’ म्हणजे प्रकरणाची चौकशी केली. आणि ‘इन्क्वायर’ थेट माणसाला जोडत नाहीत, मध्ये ‘ऑफ’ लागतो. उलट ‘आस्क’ला माणूस थेट जोडला जातो. आपण मात्र ‘त्याला विचारलं’मधल्या ‘ला’मुळे ‘आस्क्ड टू हिम’ लिहून बसतो. ‘क्वेरी’ बहुधा माणसाला नव्हे, बिलाला, आकड्याला, निर्णयाला लावतात. शंका काढणे, असा त्याचा रोख.

‘विचारपूस’ या शब्दातला ‘पूस’ माझा फार आवडता आहे. आपलं जुनं ‘पुसणे’, म्हणजे विचारणे, हे संस्कृत ‘पृच्छ्’ वरून आलेलं. (फळा पुसतो ते ‘पुसणे’ वेगळ्या धातूचं.) याच ‘पृच्छ्’चा नातलग लॅटिनमध्ये प्रार्थना करणे, याचना करणे या अर्थाने राहिला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘प्रे’ झाला. ‘आस्क’चं मूळ तर आपल्या ‘इच्छा’शी जुळतं. म्हणजे आपल्याकडे जो धातू विचारण्याचा, तो तिकडे मागण्याचा झाला, आणि आपल्याकडे जो इच्छेचा, तो तिकडे विचारण्याचा. विचारणं आणि मागणं यांची सीमा भाषांनी फार पूर्वीपासून ओलांडलेली आहे, तेव्हा ‘आस्क’मध्ये दोन्ही अर्थ नांदतात यात नवल नाही.

मागण्याच्या रांगेत जपायला हवं ते ‘डिमांड’ला. फ्रेंचमध्ये त्याचा भाऊ साधं ‘विचारणे, मागणे’ एवढंच सांगतो, पण इंग्रजीत त्याला हक्काची धार आहे. मराठीत आपण ‘मागणी’ शब्द साडीपासून संपापर्यंत कुठेही वापरतो, म्हणून हात चटकन ‘डिमांड’कडे जातो. दुसऱ्या टोकाला ‘बेग’ आणि ‘इम्प्लोर’. तिथे गयावया आहे, काकुळतीला येणं आहे. ‘रिक्वेस्ट’ मधला, सभ्य. क्रियापद असेल तेव्हा त्याच्यापुढे ‘फॉर’ नको, नाम असेल तेव्हा हवा.

आता विरुद्धार्थी. विचारण्याच्या अर्थी ‘आन्सर’ आणि ‘रिप्लाय’ (याला ‘टू’ लागतो, ‘आन्सर’ला नाही). तरी काळ्याला पांढरा तसा हा विरोध नव्हे. हे देणं-घेणं, खरेदी-विक्रीसारखं आहे: एकाच व्यवहाराची दोन टोकं. मागण्याच्या अर्थी ‘रिफ्यूज’ सांगतात ते मला पटत नाही. ‘रिफ्यूज’चा खरा विरोधी ‘ग्रँट’. मागितल्यावर समोरच्याने काय केलं, त्याच्या या दोन शक्यता आहेत. मग मागण्याच्या उलट काय? पीटर मार्क रॉजेट या डॉक्टराने १८५२ साली अर्थानुसार लावलेला इंग्रजी शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, त्यात परस्परविरोधी कल्पना समोरासमोर मांडल्या. ‘इन्क्वायरी’च्या जोडीला त्याने ‘आन्सर’ ठेवला, पण ‘रिक्वेस्ट’च्या समोर नकार ठेवला नाही, ‘डेप्रिकेशन’ ठेवला. म्हणजे एखादी गोष्ट घडू नये म्हणून केलेली विनवणी. ‘दे’च्या समोर ‘नको’. मला हे फार खोलवरचं वाटतं. परीक्षेत मात्र पुस्तकात जो शब्द दिला असेल तोच लिहा.

शेअर बाजारात आणखी एक जोडी आहे. विकणारा जो भाव लावतो तो ‘आस्क’, घेणारा जो देऊ करतो तो ‘बिड’. इथे ‘आस्क’चा विरोधी ‘बिड’ आहे, आणि गंमत म्हणजे मराठी विक्रेता किंमत विचारतही नाही, मागतोच असंही नाही. तो किंमत ‘सांगतो’.

तुमच्या गोष्टीतल्या संवादांत ‘आस्क्ड’ तीनदा आलंय. ते तसंच राहू द्या. वाचणाऱ्याचं लक्ष प्रश्नाकडे असतं, या शब्दाकडे नसतं, आणि तिथे ‘इन्क्वायर्ड’ घातलात तर लहान मुलगी वकिलासारखी बोलू लागेल. बदलायचं ते अर्जातलं ‘आय डिमांड लीव्ह फॉर टू डेज’. तिथे लिहा: ‘आय रिक्वेस्ट लीव्ह फॉर टू डेज’.