मैदानातून संघटनेच्या टेबलावर येताना

जिल्हा कबड्डी संघटनेचे सचिव झालात, अभिनंदन! पहिल्याच महिन्यात मोठी स्पर्धा जाहीर करू नका. पदावर नव्याने आलेल्या माजी खेळाडूंची नेहमीची चूक हीच. आधी दप्तर ताब्यात घ्या, तेही यादी करून, जुन्या सचिवांच्या सहीनिशी: घटना (संघटनेची नियमावली), इतिवृत्ताची (सभांच्या नोंदींची) वही, पासबुक, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल.

मग लगेच दोन कामं:

- संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, तर नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज ९० दिवसांत द्या. तो राहिला की पुढे बँक, अनुदान, निवडणूक सगळीकडे अडतं.
- बँकेतल्या सह्या बदला. दोन सह्यांशिवाय चेक नको, स्पर्धेचे पैसे स्वतःच्या खात्यावर तर मुळीच नकोत.

सगळ्यात जपायचं ते खेळाडूंना दिलं जाणारं स्पर्धेचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. प्रवेशयादी, गुणपत्रकं, निकाल सापडले नाहीत तर पोराची नोकरी लटकते. म्हणून प्रत्येक स्पर्धेची वेगळी फाइल ठेवा, प्रमाणपत्रांना अनुक्रमांक द्या. कोऱ्या प्रमाणपत्रांवर आधीच सह्या करून ठेवू नका, कितीही घाई असली तरी.

तुमच्या क्लबाची मुलं संघाच्या निवड चाचणीत असतील तर निवड समितीतून बाहेर पडा आणि तसं इतिवृत्तात लिहा.

पी. टी. उषा २०२२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. खेळाडूंना आता दारं उघडी आहेत. राज्य संघटनेचं राजकारण, प्रायोजक वगैरे वर्षभराने बघू. तूर्त घटना दोनदा वाचा, विशेषतः गणसंख्येचं, म्हणजे सभेला किमान किती सदस्य हवेत याचं कलम.