जाळरेषेला काडी लावण्याआधी

वनरक्षक म्हणून तुला नवं बीट, म्हणजे राखायचा जंगलाचा भाग, मिळालंय, म्हणून सांगतो. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम, त्याआधी जाळरेषा (वणवा अडवायला मुद्दाम जाळून मोकळे ठेवायचे पट्टे) जाळून व्हायला हव्यात हे तुला माहीतच आहे. पण काडी लावायची की नाही, ते पाल्याच्या ओलाव्यावरून ठरव. सागाचं पडलेलं पान मुठीत दाब. नुसतंच वाकलं तर आग धुमसत राहील. कुरकुर वाजून भुगा झाला तर त्या दिवशी थांब. गवत आणि बारीक काड्या तासाभरात हवेप्रमाणे ओल्या-कोरड्या होतात, त्यामुळे सकाळी आटोक्यात असलेली रेषा दुपारी हाताबाहेर जाते. पेंचकडच्या सागवानात तर फारच.

आग वाऱ्याविरुद्ध सरकेल अशीच लाव, चढावर वरून खाली. वणव्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन रॉथरमेलने १९७२ साली मांडलेल्या आग पसरण्याच्या गणितात वारा, उतार आणि ओलावा आहेत ते उगाच नाही. कडेचा पाला आधी ब्लोअरने साफ करून घे.

आणि मोहफुलं वेचणाऱ्या बायाबापड्यांशी हंगामाआधीच बोल. फुलं दिसावीत म्हणून त्या झाडाखालचा पाला पेटवतात. दटावू नकोस, पाला झाडून द्यायला माणसं दे. उपग्रहाचा अलर्ट मोबाईलवर येतो, पण तो आग लागल्यावरच.