उसवण-शिवण : सव्वादोन कोटींचा न धुतलेला कार्डिगन

मागच्या महिन्यात रफूबद्दल लिहिताना मी अमेरिकन रॉक गायक कर्ट कोबेनच्या फाटक्या स्वेटरचा जाता जाता उल्लेख केला होता. त्यावर आलेली पत्रं रफूवरच्या पत्रांपेक्षा जास्त निघाली. म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच.

ताई, तो स्वेटर लिलावात गेला हे खरं का? डाग पडलेल्या जुन्या कपड्यात एवढं काय आहे?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

खरं आहे. निर्वाणा बँडच्या कोबेनने १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ या कार्यक्रमासाठी घातलेला तो हिरवट कार्डिगन. २०१५ मध्ये तो १,३७,५०० डॉलरला गेला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ३,३४,००० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वादोन कोटींच्या वर. एक बटण गायब, सिगारेटने पडलेलं भोक, खिशापाशी डाग. कोबेन गेल्यापासून तो धुतलेला नाही, आणि लिलावात हे अभिमानाने सांगितलं गेलं. माझ्याकडे असा कपडा कुणी आणला तर मी आधी घरी धुऊन आणायला सांगते.

पण मला त्यात जास्त रस आहे तो कापडामुळे. लिलावाच्या वर्णनात अ‍ॅक्रिलिक, मोहेर (एका जातीच्या बकरीची लोकर) आणि लायक्रा (ताणला जाणारा धागा) असं मिश्रण दिलं होतं. अ‍ॅक्रिलिक म्हणजे कारखान्यातला स्वस्त कृत्रिम धागा. ड्यू पाँट कंपनीने तो १९५० च्या सुमारास ‘ऑर्लॉन’ नावाने बाजारात आणला. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय बाप्यांनी असेच कार्डिगन घातले. लोकरीला कसर लागते, अ‍ॅक्रिलिकला लागत नाही. ते बाप्ये म्हातारे झाले, गेले. मुलांनी कपाटं रिकामी करून गाठोडी साल्व्हेशन आर्मी किंवा गुडविल या धर्मादाय संस्थांच्या दुकानात नेऊन टाकली. लोकरीच्या स्वेटरांची चाळण झालेली, अ‍ॅक्रिलिकचे मात्र धडधाकट, फार तर गोळे आलेले. १९९० च्या आसपास अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या सिअ‍ॅटलमधलं एखादं बँडवालं पोरगं खिशात मोजके डॉलर घेऊन तिथे शिरलं, की हाताला हेच लागायचं.

फ्लॅनेलच्या, म्हणजे मऊ जाडसर कापडाच्या, चौकड्यांच्या शर्टाचंही तसंच. कोबेनचं त्याच भागातलं जन्मगाव अ‍ॅबर्डीन, लाकूडतोड्यांचं. तिथे तो शर्ट कामाचा कपडा होता आणि ऐंशीच्या दशकात लाकडाचा धंदा बसल्यावर घरोघरी आणि जुन्या बाजारात त्याची कमी नव्हती. हवाही तशी. महिनोन्‌महिने भिजरी थंडी, म्हणून अंगावर एकावर एक थर. कोबेन स्वतः इतका किडकिडीत होता की अंग भरलेलं दिसावं म्हणून तो जीन्सच्या आत लांब थर्मल घालायचा.

तेव्हा त्या पोरांनी स्टाईल निवडली असं मला वाटत नाही. वीस-तीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी काय विकत घेतलं आणि त्यातलं काय टिकलं, यावर ती ठरली. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं त्याच धाग्याने उलगडतं.

मी फॅशन डिझाइन शिकतेय. मार्क जेकब्सची नोकरी ग्रंजमुळे गेली असं वर्गात सांगतात. एवढं काय चुकलं त्याचं?
– मुंबईहून एक वाचक

ग्रंज म्हणजे वर सांगितलेल्या त्या रॉक बँडांचं संगीत आणि त्यांचा हा जुन्या कपड्यांचा वेश. जेकब्सचं चुकलं असं सगळ्यांनाच वाटलं नाही. त्याच कामाच्या सुमारास अमेरिकेतल्या डिझायनरांच्या संस्थेचा १९९२ चा पुरस्कारही त्यालाच मिळाला. तो तेव्हा पेरी एलिस या फॅशन कंपनीत डिझायनर होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये त्याने पुढच्या वसंतासाठीचं कलेक्शन दाखवलं. पायात कॉन्व्हर्स, डॉक मार्टेन्स, डोक्यावर विणलेल्या टोप्या आणि अंगात चौकड्यांचे शर्ट. फक्त त्या चौकड्या रेशमावर छापलेल्या! १९९३ मध्ये त्याला जावं लागलं.

आता एक शिंपीण म्हणून सांगते. फ्लॅनेल अंगावर जाडसर बसतं, कंबरेला बांधलं की त्याची गाठ फुगते, बाह्या लोंबतात. ते सगळं रूप कापडाच्या जाडीतून आलेलं आहे. रेशीम सुळकन घसरतं, गाठ राहतच नाही. चित्र उचललं आणि वजन मागे ठेवलं. कोबेनची बायको, गायिका कोर्टनी लव्ह हिने पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की जेकब्सने तिला आणि कोबेनला ते कपडे पाठवले होते आणि त्यांनी ते जाळून टाकले. २०१८ मध्ये जेकब्सने तेच कलेक्शन पुन्हा काढलं, या वेळी स्वतःच्या नावाखाली. दरम्यान २०१३ मध्ये एदी स्लिमान या डिझायनरने सेंट लॉरां या फॅशन कंपनीसाठी ग्रंज करून दाखवलं होतं आणि त्याची नोकरी शाबूत राहिली. वीस वर्षांत गिऱ्हाईक बदललं, दुसरं काही नाही.

१९९२ च्या त्याच नोव्हेंबरातली आणखी एक गंमत. न्यूयॉर्क टाइम्सने ग्रंजवर लेख छापला, सोबत त्या पोरांच्या खास शब्दांची यादी. ती यादी मेगन जॅस्परने फोनवर जागच्या जागी रचून दिली होती. ती आधी सब पॉप या सिअ‍ॅटलच्या रेकॉर्ड कंपनीत रिसेप्शनवर होती. फाटक्या जुन्या जीन्सना म्हणे ‘वॅक स्लॅक्स’ म्हणतात! टाइम्सने छापलं. हीच जॅस्पर पुढे सब पॉपची प्रमुख झाली.

आणि तुझ्या वर्गात बहुधा कोबेनच चालतो, म्हणून एक सांगते. कोर्टनी लव्ह, कॅट बिएलंड, शेजारच्या ऑलिम्पियातल्या बिकिनी किल वगैरे बँडमधल्या मुली, यांच्या जुन्या बेबीडॉल फ्रॉककडेही नीट बघ. छातीखाली चुणी, कंबर नाहीच. असा साठच्या दशकातला फ्रॉक कुठल्याही अंगाला ऑल्टर न करता बसतो. खाली अवजड बूट घातले की बाहुलीचा कपडा भांडायला उभा राहतो. त्याचा प्रोजेक्ट कर, गुण मिळतील.

काकू, मी ग्लासगोत शिकतो. इथले पन्नाशी-साठीचे लोक सांगतात, त्यांच्या वेळी इंडी म्हणजे फ्लॅनेल नव्हे, अ‍ॅनोरॅक. हे काय प्रकरण?

तू अगदी योग्य गावात आहेस. इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर, छोट्या स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्यांकडून निघणारं संगीत. ग्लासगोच्या द पेस्टल्स बँडने हे अ‍ॅनोरॅक प्रकरण गाजवलं. अ‍ॅनोरॅक म्हणजे टोपीवालं, झिपचं साधं पावसाळी जाकीट, शाळकरी मुलांना घालतात तसलं. १९८६ मध्ये एनएमई या संगीत साप्ताहिकाने ‘सी८६’ नावाची कॅसेट काढली, तीत पेस्टल्सही होते. त्या पिढीचा वेश म्हणजे अ‍ॅनोरॅक, डफल कोट, आडव्या पट्ट्यांचा टीशर्ट आणि मुलींच्या केसात शाळेतल्या क्लिपा. चामडी पँट आणि उघड्या छातीच्या रॉकवाल्यांना दिलेलं ते उत्तर होतं. मुलगा-मुलगी एकाच मापाचं जाकीट घालू शकत होते, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

पैशाची बाजू तिथेही होतीच. ब्रिटनमध्ये तेव्हा तीस लाखांहून जास्त लोक बेकार होते. कित्येक बँड बेकारभत्त्यावर उभे राहिले. आणि प्रत्येक गावात ऑक्सफॅमसारखी चॅरिटी शॉप होती. ऑक्सफॅमचं पहिलं दुकान ऑक्सफर्डला चाळीसच्या दशकाच्या अखेरीस उघडलं, म्हणजे जुने कपडे दान करायची आणि विकत घ्यायची सवय त्या देशाला पुरती मुरलेली. शेफील्डच्या पल्प बँडचा जार्व्हिस कॉकर तर जंबल सेलमधल्या, म्हणजे दान आलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीतल्या, कपड्यांवरच ओळखला जायचा. सत्तरच्या दशकातलं पॉलिएस्टर, मोठ्या कॉलरी, आखूड कोट.

एक गोष्ट बघ. कोबेनचे कपडे ढगळ, कॉकरचे आवळ. दोघांचेही मापात नाहीत! दुसऱ्याचा कपडा मापात बसत नाही, आणि या सगळ्या पोशाखाचा आकार त्या न बसण्यातूनच आला. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे स्ट्रोक्स आले तेही आवळ जुन्या जाकिटांत; त्यांच्या वेळी दुकानांत सत्तरचं दशक उतरलं होतं. आता २००० नंतरचं उतरतंय, म्हणून तुझ्या कॉलेजात लो-वेस्ट जीन्स दिसत असणार. फरक एवढाच, की आता गाठोडं उपसायची गरज नाही. २०११ मध्ये सुरू झालेलं डेपॉप हे जुन्या कपड्यांचं अ‍ॅप २०२१ मध्ये एट्सी या ऑनलाइन बाजाराने १६० कोटी डॉलरहून जास्त मोजून विकत घेतलं. गाठोड्यातला चांगला माल गिऱ्हाइकाच्या आधी विक्रेताच उचलतो, आणि खिशात खरंच पैसे नसलेल्या पोराच्या वाट्याला गाळ येतो. हे मला अजिबात आवडत नाही.

माझा मुलगा बँडमध्ये गिटार वाजवतो आणि इन्स्टाग्रामवरून लोकांचे वापरलेले कपडे मागवतो. घरात वाद होतात. सासूबाई म्हणतात, मेलेल्या माणसाचे असतील.
– एक आई, नाशिक

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चूक नाही, असतीलही. पण त्यांनाच विचारा, तुमच्या मुलाला जन्मल्यावर पहिल्यांदा कशात गुंडाळलं होतं? जुन्या लुगड्याच्या दुपट्यातच ना? आपल्याकडे वापरलेलं कापड घरात फिरतं ते चालतं, परक्याचं चालत नाही. परक्याचं घ्यायला दारावर भांडेवाली येते आणि स्टीलचं पातेलं देऊन आपलेच कपडे घेऊन जाते. ते पुढे कुणाच्या अंगावर जातात हे आपण कधी विचारत नाही.

परदेशातून वापरलेले कपडे आणून सरळ विकायला आपल्याकडे परवानगी सहजी मिळत नाही. गुजरातच्या कांडला बंदरापाशी ते निवडले जातात आणि त्यातले बरेचसे बाहेरच्या देशांत परत जातात; लोकरीच्या चिंध्या पानिपतला जाऊन त्यांचं सूत आणि ब्लँकेटं होतात. ईशान्येकडे मात्र शिलाँग-कोहिमाच्या बाजारांत जुन्या कपड्यांच्या गाठी कित्येक वर्षं फुटताहेत आणि तिथल्या रॉक बँडना त्या कपड्यांचं अप्रूप नाही. मुलगा कुणाकडून घेतो ते बघा. ‘थ्रिफ्ट’ म्हणून विकलं जाणारं बरंच काही नुसतं एक्स्पोर्ट सरप्लस असतं, कुणी न घातलेलं. नव्वदच्या दशकात मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर पोरं चौकड्यांचे शर्ट घ्यायची तेही तसलेच. माझ्याकडे ते बाह्या कापायला यायचे.

धुण्याचं म्हणाल तर सुती कपडा गरम पाण्यात भिजवून कडक उन्हात उलटा वाळत घाला. अ‍ॅक्रिलिकला कोमट पाणी, आणि इस्त्री अजिबात नको, चपटं होतं ते.

बँडचा जुना टीशर्ट खरा की खोटा, कसं ओळखायचं?
– पुणे

खालची दुमड उलटून बघा. नव्वदच्या मध्यापर्यंतच्या अमेरिकन टीशर्टांना तिथे बहुधा एकच टीप असते, नंतरच्यांना दोन. आता नकली मालवालेही एकच टीप मारायला शिकलेत, तेव्हा गळ्याची पट्टी आणि काखही बघा, खरा जुना कपडा आधी तिथे विरतो. अंगभर सारखा फिका झालेला असेल तर तो कारखान्यात धुतलेला. जुन्या अमेरिकन शर्ट-स्वेटरात धुण्याच्या सूचनांची पट्टी मुळातच नसेल तर तो १९७२ च्या आधीचा असण्याची शक्यता आहे, कारण तिथे ती पट्टी सक्तीची झाली त्या वर्षापासून. कुणी कापून टाकली असेल तर शिवणीत दोऱ्याचे तुकडे राहतात. नखाने चाचपा, लागतात.